खडतर रस्ते आणि टिकाऊ टायर

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या हंगामात परिसरातील खेड्यांतून ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रीघ लागते. सटाणा, मालेगाव व ताहाराबादकडे कामानिमित्त जाणाऱ्यांच्या मोटारी आणि रुग्णांना नेणारी वाहने यांचीही ये-जा चालू असते. मुख्य रस्ता सोडून वाडी-वस्तीकडे वळले की मात्र खडी उखडलेली आणि खाचखळगे यांच्याशी गाठ पडते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे तिच्यावरील डांबराचा थर तडकतो, तड्यांत पाणी मुरते आणि जड वाहनांखाली खड्डे पडतात.

अशा रस्त्यांवर टायर पुरता झिजण्याआधीच फुटतो. त्याचा दोष पुष्कळदा रस्त्याला दिला जातो. परंतु टायरची निवड आणि निगा यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

टायर कोठे निकामी होतो?

टायरच्या रबराआड धाग्यांचे थर असतात. आतील हवेचा दाब हे थरच पेलून धरतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या रेडियल टायरमध्ये नक्षीच्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असल्याने तो भाग बळकट असतो. बाजूचा भाग मात्र लवचिक राहावा म्हणून तुलनेने पातळ ठेवलेला असतो. चाक वेगाने खड्ड्यात आदळले म्हणजे खड्ड्याची कड आणि चाकाची रिम यांच्या चिमट्यात हा बाजूचा भाग सापडतो व आतील धागे तुटतात. पुढे तेथे फुगा दिसू लागतो. फुगा आलेला टायर केव्हा फुटेल याचा नेम नसतो. त्याची दुरुस्ती होत नाही. तो तात्काळ बदलणे हाच मार्ग होय. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेल्या वाहनाच्या बाबतीत तर ही दक्षता अत्यंत अगत्याची ठरते.

आकडे काय सांगतात?

समजा, टायरवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे लिहिले आहे. यातील १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८५ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर कमाल ५१५ किलो भार पेलू शकतो. ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटर ही वेगमर्यादा दर्शविते.

आता ‘१८५/६५ आर १५’ हा टायर पाहा. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच; परंतु बाजूची उंची सुमारे १२० मिलिमीटरच भरते. रस्ता आणि रिम यांच्यामधील ही १२ मिलिमीटरची उशी खड्ड्यात उपयोगी पडते. म्हणून उत्पादकाने एकाच गाडीसाठी दोन मापे मान्य केली असतील, तर खराब रस्त्यावर लहान रिम व उंच बाजूचा टायर अधिक टिकतो. केवळ शोभेसाठी मोठी रिम व बुटका टायर बसविणे हे खर्चाला आमंत्रणच होय. मालवाहू पिकअपला मोटारीचे टायर लावू नयेत; अधिक भारांकाचे व्यापारी वाहनांचेच टायर वापरावेत.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘१०२४’ म्हणजे २०२४ सालचा दहावा आठवडा. फार दिवस पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये.

निगा महत्त्वाची

खराब रस्त्यावर गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवण्याची सवय काहींना असते. ती घातक आहे. हवा कमी असली की टायर अधिक दबतो आणि रिमच्या चिमट्यात सहज सापडतो. दारालगतच्या पट्टीवर दिलेला दाब सकाळी, टायर थंड असताना तपासावा. पूर्ण भारासाठी दिलेला दाब वेगळा असल्यास तो पाळावा. स्टेपनीची हवाही विसरू नये. खड्डा टाळता येत नसेल, तर आधीच वेग कमी करावा आणि प्रत्यक्ष खड्ड्यात चाक उतरताना ब्रेक सोडावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा, तर दुचाकी व तीनचाकीच्या बाबतीत ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. मोटारीच्या टायरवर नक्षीच्या खाचांत असलेले लहान उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीला आले, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. गोटा झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो.

गावोगावचे रस्ते सुधारेपर्यंत वाहने थांबणार नाहीत. ग्रामपंचायत सदस्यांनी खड्ड्यांची माहिती संबंधित बांधकाम विभागाला वेळीच कळवावी, शिक्षकांनी हे आकडे विद्यार्थ्यांना वाचावयास शिकवावे आणि वाहनधारकांनी महिन्यातून किमान दोनदा चाकांकडे वाकून पाहावे. या पाच मिनिटांच्या पाहणीने पैसा तर वाचेलच. प्रसंगी प्राणही वाचतील.