मेजर गिल यांची दरी

जळगावहून अजिंठ्याची सहल काढाल, तेव्हा लेण्यांसमोरच्या टेकडीवर अवश्य चढा. खाली वाघूर नदीने बेसाल्टचे थर कापून केलेला घोड्याच्या नालेसारखा वळसा दिसेल. याच परिसरात मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर अनेक वर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मात्र त्यांनी टिपलेली लेण्यांची जोडछायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने छापली गेल्याने वाचली.

जोडछायाचित्र म्हणजे काय? हात लांब करून अंगठा उभा धरा व आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागील भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. दोन डोळ्यांत सुमारे ६.५ सेंमी अंतर असते. दोन्ही प्रतिमांतील या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. दरी दूर असल्याने हा फरक फारच सूक्ष्म होतो. म्हणून एक छायाचित्र घेऊन काही पावले उजवीकडे सरका व दुसरे घ्या. दोन्ही लहान आकारात छापून शेजारी ठेवा, मध्ये पुठ्ठा उभा धरा. डाव्या डोळ्याला डावे, उजव्याला उजवेच चित्र दिसू द्या. थोड्या सरावाने दोन्ही एकरूप होऊन दरी उठून दिसेल.

गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. परतताना तीही पाहा.