वास कमी झाला, विष नाही

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या घरात बिडी सुटली, सिगारेट आली. तिचा वास तेवढा उग्र नाही. मग ती कमी वाईट असेल का?" आज आपण तेच समजून घेऊ.

तंबाखूच्या हिरव्या पानात निकोटिनबरोबर प्रथिनं आणि पिठूळ अंश असतो. प्रथिनं जळली की केस जळल्यासारखी घाण सुटते. म्हणून पान आधी तयार करतात.

सिगारेटची बरीचशी तंबाखू आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात पिकते. तिथं पानं काठ्यांना बांधून बंद भट्टीघरात टांगतात. खालून लोखंडी नळ्या तापवतात. ऊब पानाला मिळते, जळणाचा धूर लागत नाही. पाच-सात दिवसांत पान पिवळं होऊन वाळतं. अढीत आंबा पिकताना पिठाची साखर होते, तसंच इथंही होतं. या साखरेमुळे धुराचा झोंबरेपणा कमी होतो.

मग हे पान वखारीत वर्ष-दोन वर्षं मुरू देतात. सिगारसारख्या तंबाखूची पानं ओलसर करून ढीग लावतात. ओल्या कडब्याच्या गंजीसारखा ढीग आतून तापतो आणि अमोनिया उडून जातो. गोठ्यात नाकाला झोंबतो, तोच हा अमोनिया. शिवाय काही सिगारेटींत साखर, कोको, ज्येष्ठमधही घालतात.

आता खरी गोष्ट ऐका. उग्र धुरानं ठसका लागतो, माणूस तो खोल ओढत नाही. सौम्य धूर मात्र सहज छातीत उतरतो. निकोटिन झटकन रक्तात जातं आणि सवय घट्ट होते. पान कितीही मुरवलं तरी पेटल्यावर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतातच. बिडीचंही तेच. म्हणजे कमी झाला तो फक्त आपल्याला सावध करणारा वास.

हा धूर शेजारी बसलेल्यांच्याही छातीत जातो. लेकरांना खोकला, दमा, कानाचं दुखणं होतं. गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. खिडकी उघडून किंवा उदबत्ती लावून हे टळत नाही.

म्हणून घरात कुणीच ओढायचं नाही, हा नियम आपण करू. सोडायची इच्छा असेल त्यांच्यासाठी 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. घरच्यांना आज तेवढा दाखवा.