साठ दिवसांची मुदत

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्भक पिवळे दिसावे आणि पंधरवड्याच्या आत ते पिवळेपण आपोआप ओसरावे, हे इतके सार्वत्रिक आहे की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील जाणत्या सुईणीच काय, शहरातील वैद्यही त्याने विचलित होत नाहीत; ‘कोवळ्या उन्हात धरा’ एवढे सांगून प्रकरण मिटते. पित्तनलिका बुजण्याचा दुर्मिळ जन्मजात विकार नेमका याच निश्चिंततेआड वाढतो. बाहेर पडण्यास मार्ग न उरलेले पित्त यकृतातच साचते आणि काही महिन्यांत त्याला निबर करून टाकते. उपचार न झाल्यास बहुतेक मुले दोन वर्षांचीही होत नाहीत.

हे मूल आजारी मात्र दिसत नाही. ते दूध पिते, बाळसे धरते. खूण असते ती लंगोटात: विष्ठेला रंग येतो तो पित्तामुळे, म्हणून पित्त आतड्यात उतरेनासे झाले की शी भिजवलेल्या खडूसारखी पांढुरकी होते आणि लघवीचा गडद पिवळा डाग पडतो.

जपानमधील मोरिओ कासाई या शल्यविशारदाने 1955 साली प्रथम केलेल्या शस्त्रक्रियेत बुजलेल्या नलिका काढून लहान आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडतात, जेणेकरून तेथील सूक्ष्म रंध्रांतून झिरपणारे पित्त आतड्यात उतरावे. पुढे अनेकांना यकृतारोपण लागतेच. पण तोवर मूल वाढलेले असते, आणि हा लाभ लहान नव्हे. अट एकच, शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या साठ दिवसांत व्हावी.

आता ही मुदत आपल्या तालुक्यांत मोजून पाहावी. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जावे असा शिरस्ता आहे. घरोघरी जाऊन नवजातांची निगा राखण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली. कावीळ तिसऱ्या आठवड्यात टिपली तर हाती पाच-सहा आठवडे राहतात, शेवटच्या फेरीत टिपली तर अवघे अठरा दिवस. आणि तेवढ्यात रक्ततपासणी, सोनोग्राफी, कागदपत्रे, मुरबाडहून एसटीने कल्याण किंवा शहापूरहून आसनगाव गाठून लोकलने परळच्या वाडियासारखे बालरुग्णालय, हे सारे उरकायचे. त्यात दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब आशाताईंच्या नोंदवहीतूनच निसटते, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलेले आठवडे तर कोणत्याच दफ्तरी लागत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याच्या मूळ यादीतील नऊ जन्मदोषांत हृदयविकार आहे, दुभंगलेला ओठ आहे. पित्तनलिकेचा हा विकार नाही. दुर्मिळाला यादीत जागा मिळणे अवघडच, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तैवानने 2004 पासून विष्ठेच्या रंगांचे चित्रपत्रक प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत घातले आणि निदान लवकर होऊ लागले, हे पाहता तसला एक छापील कागद प्रत्येक आशाताईंच्या पिशवीत असण्यास खर्चाची सबब पुरणार नाही. चौदाव्या दिवशीही डोळे पिवळे असतील, तर बाळाच्या आईला शीचा रंग विचारावा, आणि रक्तातील बिलिरुबिनचे दोन्ही अंश वेगवेगळे मोजणारी तपासणी त्याच आठवड्यात मागून घ्यावी.