खंजिरी थांबते तेव्हा

फ्रुटी लूप्समध्ये वरच्या पट्टीवर एक छोटं बटण होतं. एका बाजूला 'पॅट', दुसऱ्या बाजूला 'सॉन्ग'. पॅटवर ठेवलं की सोळा चौकोनांत भरलेला ताल न थकता फिरत राहायचा. सॉन्गवर नेलं की समोर लांबलचक रिकामी पाटी यायची आणि कोणता ताल कुठे सुरू करायचा, कुठे संपवायचा, हे आपल्यालाच ठरवावं लागायचं. गेल्या वीस वर्षांत वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथली पोरं कॉम्प्युटरवर आणि मग फोनवर गाणी करायला लागली. मीही त्यातलाच. मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, आमची निम्मी वर्षं त्या बटणाच्या डाव्या बाजूलाच गेली.

हे सॉफ्टवेअर बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. 2003 मध्ये त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं होतं, पण आमच्या तोंडी ते 'फ्रुटी'च राहिलं. एक सीडी हातोहात फिरायची, तिच्यातच शेपाचशे लूप भरलेले असायचे. लूप म्हणजे चार-आठ सेकंदांचा तयार तुकडा. ढोलकीचा, बेसचा, गिटारचा, कसलाही. त्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला असं जुळतं की सांधा ऐकू येत नाही. भारनियमनाचे ते दिवस होते. वीज जायची वेळ पाठ असायची, तरी सेव्ह करायचं राहायचं आणि दुपारभराचं काम जायचं. पण खरं सांगायचं तर गेलेलं फार काही नसायचं. चार लूप एकावर एक रचलेले असायचे, तेवढंच.

माझं पहिलं 'पूर्ण' गाणं असंच होतं. साडेतीन मिनिटं. पहिल्या सेकंदाला ढोलकी, बेस, तंतुवाद्य आणि टाळ्या सगळं एकदम सुरू, आणि शेवटच्या सेकंदाला सगळं एकदम बंद. आमच्या गल्लीतल्या भजन मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकांना मोठ्या हौसेने ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आवाज झकास आहे बाप्पा. पण याले दम कुठी घ्याचा? सगळं आल्या आल्याच वाजवून टाकलं, आता पुढं काय वाजवशीन?"

गाण्याच्या रचनेविषयी मला मिळालेला हा पहिला धडा. नंतर कितीतरी व्हिडिओ पाहिले, पण याहून नेमकं कुणी सांगितलं नाही.

हिशेब करून पाहू. 120 च्या लयीत चार बारचा लूप, म्हणजे सोळा ठोके, आठ सेकंदांत संपतो. तीन मिनिटांच्या गाण्यात तो बावीस वेळा येतो. ऐकणाऱ्याच्या कानाला तो तिसऱ्या फेरीतच पाठ होतो. उरलेल्या एकोणीस फेऱ्यांत त्याला धरून ठेवायचं कशाने? नवशिका म्हणतो, आणखी एक लूप टाकून. आम्हीही तेच करत आलो. पाचवा टाकला, सहावा टाकला, आणि गाणं अधिकाधिक गढूळ झालं.

खरं तर सोळा मात्रांचं फिरतं चक्र आपल्याला परकं नव्हतंच. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे सोळा मात्रा. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा पेटी जो लेहरा धरते तो दुसरं काय असतो? तासभर तीच एक ओळ फिरते आणि कुणी कंटाळत नाही, कारण तिच्यावर तबलजी सतत काहीतरी मांडतो, मोडतो आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत येतो. पॅरिसमध्ये पिएर शेफरने 1948 च्या सुमारास तबकडीची खाच बंद करून एकच आवाज पुन्हा पुन्हा फिरवला, त्याला पाश्चात्त्य इतिहासात लूपचा आरंभ मानतात. मानू द्या. यंत्राने फिरवणं नवं होतं, पण फिरण्यातून रस काढायची विद्या आपल्या बैठकीत आधीच होती. मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 मध्ये रोलँडच्या ताल आणि बेसच्या यंत्रांवर दहा राग बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. जगाने तिची दखल घेतली ती दोन दशकं उलटल्यावर. यंत्राचा ताल ठाम फिरत असताना वर रागाचा विस्तार करता येतो, हे त्यांनी किती आधी ओळखलं होतं! आमच्यापैकी कुणाला 2005 मध्ये ती रेकॉर्ड ठाऊक असती तर बरीच वाट वाचली असती.

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे मात्र आमच्याहून शहाणे होते. त्यांच्या कीबोर्डवरच्या 'स्टाईल'ला इंट्रो, मेन ए, मेन बी, फिल आणि एंडिंग अशी वेगवेगळी बटणं असायची. ध्रुवपद आलं की बी, अंतऱ्याला ए, मध्ये फिल. दररोज लग्नात, जयंतीत, गणपतीत वाजवून त्यांच्या बोटांना ठाऊक झालं होतं की लोक कधी कंटाळतात. ती बोटं पाहून आम्ही शिकायला हवं होतं. आम्ही त्यांना जुन्या जमान्याचे समजलो, ही आमची मोठी चूक.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि चित्र पालटलं. देवळी-सेलूच्या खेड्यांतल्या पोराच्या हातात जो फोन होता त्यातच बँडलॅबसारखं फुकट ॲप आणि हजारो लूप आले. त्याच वर्षी 'सैराट'च्या गाण्यांनी महाराष्ट्र हलवला होता आणि प्रत्येकाला 'झिंगाट'सारखं काहीतरी करायचं होतं. मग 2020 चं लॉकडाऊन. घरात बसलेल्या पोरांनी महिनोन्महिने हेच केलं. त्या काळात माझ्याकडे व्हॉट्सॲपवर येणारी गाणी मी रोज ऐकायचो. आवाज आमच्या काळापेक्षा दहापट चांगले होते. रचना मात्र तीच, माझ्या पहिल्या गाण्याची. सगळं आल्या आल्याच वाजलेलं.

फुकटच्या लूपला कमी लेखायचं कारण नाही. रिहानाचं 2007 चं 'अम्ब्रेला' जगभर गाजलं, त्याच्या ड्रमचा पाया गॅरेजबँड या सॉफ्टवेअरबरोबर सगळ्यांना मिळणारा 'व्हिंटेज फंक किट 03' हा तयार लूप आहे. लाखो लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये तो पडून होता. बाकीच्यांकडे लूप होता. त्याच्यावर कधी काय आणायचं आणि कधी काय आवरायचं, याची समज त्या गाण्याच्या कर्त्यांकडे होती. एक सावधगिरी मात्र सांगतो. तयार लूप जसाच्या तसा, एकटा उघडा वाजवू नका. तोच लूप दुसऱ्याने आपल्या गाण्यात वापरून नोंदवलेला असतो, आणि यूट्यूबवर तुमच्याच गाण्यावर हक्काचा दावा येतो. आमच्याकडच्या तिघाचौघांना हा मनस्ताप झाला आहे.

माझी स्वतःची गाडी रुळावर आली ती खंजिरीमुळे. वर्धा जिल्ह्यात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं ऐकतच आम्ही वाढलो. महाराजांना गांधीजींनी 1936 मध्ये सेवाग्रामला बोलावून घेतलं, तिथे ते महिनाभर राहिले. हातातली खंजिरी हीच त्यांची ओळख. एका रात्री मंडळाचं भजन मी फोनमध्ये रेकॉर्ड केलं, कॉम्प्युटरवर टाकलं आणि कुठे काय होतं ते कागदावर लिहून काढलं. सुरुवातीला नुसती पेटी आणि एकच गळा. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा खंजिरी, तीही दबक्या हाताने. तिसऱ्यांदा टाळ. मागचे झीलकरी ओळ उचलतात तेव्हा कुठे तबला पुरा उघडतो. अंतरा आला की टाळ गप्प. अंतरा संपताना एक छोटी तिहाई (एकच तुकडा तीनदा), समेवर ध्रुवपद, आणि त्या समेच्या आधी अर्धी मात्रा सगळं थांबलेलं. शेवटी लय चढते, लग्गी लागते, आणि अगदी शेवटची ओळ पुन्हा एकट्या गळ्यात. ठेका पूर्ण वेळ आठ मात्रांचा, तोच. पण एकही फेरी मागच्या फेरीसारखी नव्हती.

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यावरून मी माझे लूप मांडले. आठ बारनंतर एक गोष्ट यायची किंवा एक गोष्ट जायची, हा नियम घातला. ध्रुवपदाच्या आधी शेवटच्या बारमधून ढोलकी काढली. बाजारात मिळणारे चढत्या आवाजाचे तयार तुकडे टाळून तिथे ढोलकीचीच तिहाई कापून बसवली. बेस दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत राखून ठेवला. गाण्यात एकही नवा लूप टाकला नव्हता, उलट दोन काढले होते. काकांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आता गाते."

आता 2023 नंतर चार शब्द लिहिले की आख्खं गाणं करून देणारी यंत्रं आली आहेत. पोरं विचारतात, मग हे शिकायचं कशाला? मी त्यांना एवढंच सांगतो, की यंत्राने दिलेलं गाणं कुठे लांबलं, कुठे ओस पडलं, हे ओळखायलाही हाच कान लागतो. आणि हा कान लूप गोळा करून येत नाही. माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये बारा हजारांवर लूप आहेत. गेल्या पाच वर्षांत त्यातले शंभरही मी उघडले नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदी रेल्वे या गावी तान्हा पोळा भरतो. मोठमोठे लाकडी नंदी, पोरांची झुंबड, वाद्यांचा गजर. हा कान तयार व्हायला नव्याने गाणी करू लागलेल्या प्रत्येकाने तिथे किंवा आपल्या गावच्या पोळ्यात एकदा जावं. फोन खिशातच ठेवावा. कुणी झडती, म्हणजे पोळ्यातलं कवन, म्हणायला पुढे आला की ढोल-ताशे थांबतात, गर्दी कान टवकारते, झडती संपते, हर हर महादेवचा पुकारा होतो आणि त्याच क्षणी वाद्यं पुन्हा कोसळतात. ती थांबतात नेमकी कधी आणि किती वेळ, तेवढं मोजून या. मग घरी येऊन ते बटण सॉन्गवर न्या.