संत्र्याची साल आणि स्मृतिभ्रंश

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. घरातील वडीलधारे माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, की 'म्हातारचळ लागला' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हा नुसता वयाचा दोष नसून मेंदूचा आजारही असू शकतो. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी अशाच एका स्त्रीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मृत्युसमयी ती अवघी ५५ वर्षांची होती. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेला गुंता त्यांना आढळला. आज हे थर अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे व गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे आपण जाणतो.

आता प्रश्न असा, की संत्र्याच्या सालीचा याच्याशी काय संबंध? वनस्पतीतून या रोगावर औषध मिळणे ही अशक्य गोष्ट नाही. गॅलँटामीन हे आज वापरात असलेले औषध प्रथम स्नोड्रॉप जातीच्या फुलझाडांतूनच मिळाले. संत्रावर्गीय फळांच्या सालीत हेस्पेरिडिन, टँजेरेटिन, नोबिलेटिन अशी द्रव्ये असतात. त्यांपैकी नोबिलेटिनच्या रेणूवर सहा मेथॉक्सी गट असल्यामुळे ते स्निग्ध पदार्थांत सहज विरघळते. म्हणूनच रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडून ते मेंदूत पोहोचू शकते. २००८ साली जपानी संशोधकांनी अमायलॉइडचे थर साचतील अशा खास उंदरांना नोबिलेटिन दिले. तेव्हा थर कमी झाले व उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे! उंदरांत गुणकारी ठरलेली कितीतरी द्रव्ये माणसांत निष्प्रभ ठरली आहेत. नोबिलेटिनच्या माणसांवरील चाचण्या अद्याप लहान आहेत आणि अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. शिवाय प्रयोगात शुद्ध द्रव्य मोजून दिले जाते. बाजारातल्या सालीवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी आजोबांना साली चघळायला देऊ नयेत.

मग आपण करायचे काय? विसराळूपणा वाढला तर डॉक्टरांकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत. 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेले, तर बरा होण्याजोगा आजारही हातचा जातो. सालीतले औषध सापडेल तेव्हा सापडेल. ही म्हण मात्र आपण आजच टाकून देऊ शकतो.