श्रीलंकेतील युवा-आंदोलन : राजवाडा रिकामा झाला, पुढे काय ?

गेल्या काही वर्षांत आपल्या शेजारच्या तीन देशांतील तरुणांनी प्रस्थापित सत्ता उलथवून टाकल्या. १४ जुलै २०२२ रोजी श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधानांना आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळच्या पंतप्रधानांना पद सोडावे लागले. या घटनांमुळे श्रद्धावंतांच्या मनात काही प्रश्न उभे राहतात. भ्रष्ट सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय ? उतरल्यास मर्यादा कोणती ? आणि सत्ताधारी पळून गेला म्हणजे अन्याय संपला काय ?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी श्रीलंकेचे उदाहरण अधिक उपयुक्त आहे. तेथील घटनेला आता काही वर्षे लोटली असल्यामुळे तिची फळे आपल्याला तपासता येतात. तेथील ख्रिस्तसभाही या घटनांत प्रत्यक्ष गुंतलेली होती. आपल्यासाठी आणखी एक नाते आहे. कोलंबोतील गॉल फेस या समुद्रकाठच्या ज्या मैदानावर तरुणांनी ठाण मांडले, त्याच मैदानावर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोव्याच्या बाणावली गावचे सुपुत्र फादर जोसेफ वाझ यांना संतपद बहाल केले होते.

देश कशामुळे कोसळला ?

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी, ईस्टरच्या दिवशी, तीन चर्चेस आणि तीन हॉटेलांत आत्मघातकी स्फोट होऊन २६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. भयभीत झालेल्या जनतेला सुरक्षिततेची हमी हवी होती आणि ती देण्याच्या आश्वासनावर हे सरकार सत्तेवर आले. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला संसदेतील २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या. त्यानंतर घटनेत दुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढविण्यात आले. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, दुसरा पंतप्रधान, तिसरा अर्थमंत्री, चौथा पाटबंधारेमंत्री आणि पुतण्या क्रीडामंत्री, अशी एकाच घराण्याच्या हाती राज्याची सूत्रे गेली.

सत्तेवर येताच सरकारने करांत मोठी कपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला आणि तिजोरीचा ओघ आटला. ईस्टरच्या स्फोटांनी खचलेले पर्यटन कोरोनाच्या साथीने पुरते थांबले. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. शेतकऱ्यांना ना पूर्वतयारीचा अवधी मिळाला ना पर्यायी खत. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरल्यावर ती बंदी त्याच वर्षाच्या अखेरीस मागे घ्यावी लागली, परंतु तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. त्यातच आधीच्या काळात काढलेल्या मोठ्या परदेशी कर्जांचे हप्ते डोक्यावर होते.

२०२२ च्या मार्च महिन्यात परकीय चलनाचा खडखडाट झाला. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, दूधभुकटी आणि औषधे मिळेनाशी झाली. दिवसातून तेरा-तेरा तास वीज जाऊ लागली. कागदाच्या टंचाईमुळे शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तासन्‌तास रांगेत उभ्या असलेल्या काही वृद्धांनी तेथेच प्राण सोडले. १२ एप्रिल रोजी सरकारने परदेशी कर्जाची परतफेड स्थगित केली. श्रीलंकेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते.

मैदानावर वसलेले गाव

३१ मार्च २०२२ च्या रात्री मिरिहाना येथील राष्ट्राध्यक्षांच्या खाजगी निवासस्थानासमोर लोक जमले. ९ एप्रिल रोजी हजारो तरुण गॉल फेसच्या मैदानावर आले आणि तेथेच राहिले. त्यांनी तेथे तंबूंची वसाहत उभारली व तिला ‘गोटा गो गामा’ असे नाव दिले. सिंहली भाषेत ‘गामा’ म्हणजे गाव. ‘गोटाबाया, चालते व्हा’ असे सांगणाऱ्यांचे हे गाव होते. त्यात वाचनालय होते, प्रथमोपचार केंद्र होते आणि सर्वांसाठी मोफत जेवणाची सोय होती. या आंदोलनाला एकच एक पुढारी नव्हता. विद्यार्थी संघटना होत्या, कलावंत होते, वकील होते, तसेच नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे सामान्य स्त्रीपुरुषही होते.

सव्वीस वर्षांच्या यादवी युद्धाने दुभंगलेल्या देशात या मैदानावर जे घडले, ते मोलाचे होते. रमजानच्या महिन्यात मुस्लिम बांधव तेथे उपवास सोडत आणि इतर धर्मीय त्यांच्यासोबत बसत. १८ मे रोजी, २००९ च्या युद्धसमाप्तीच्या वेळी मृत्यू पावलेल्या तमिळ नागरिकांचे स्मरण तेथे करण्यात आले. त्या लोकांना अखेरच्या दिवसांत ज्या कांजीवर गुजराण करावी लागली होती, तीच कांजी सिंहली, तमिळ व मुस्लिम तरुणांनी एकत्र प्राशन केली. कोलंबोत, सत्ताकेंद्राच्या दारात, अशी स्मरणसभा होणे ही त्यापूर्वी कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

ख्रिस्तसभेचा सहभाग

श्रीलंकेत कॅथलिकांची संख्या लोकसंख्येच्या सहा-सात टक्क्यांच्या आसपास आहे. अल्पसंख्य समाज सहसा सत्तेशी वैर टाळतो. येथे मात्र ईस्टरच्या जखमेने त्याला बोलते केले. कोच्चिकडे येथील संत अँथनीच्या तीर्थमंदिरात आणि नेगोंबोजवळील कटुवापिटिया येथील संत सेबास्टियनच्या चर्चमध्ये मिस्साबलिदानासाठी आलेली कुटुंबेच्या कुटुंबे नष्ट झाली होती. हल्ल्याची पूर्वसूचना भारताच्या गुप्तचर यंत्रणेने आधीच दिलेली होती आणि तरीही कोणी हालचाल केली नव्हती.

कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रंजित यांनी स्फोटांनंतर लगेच आपल्या लोकांना सूड न घेण्याचे आवाहन केले व मोठा अनर्थ टळला. शांत राहणे म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ मात्र त्यांनी होऊ दिला नाही. चौकशी रखडत गेली तेव्हा ७ मार्च २०२१ हा रविवार कॅथलिकांनी ‘काळा रविवार’ म्हणून पाळला आणि काळे कपडे घालून मिस्सेला हजेरी लावली. २५ एप्रिल २०२२ रोजी पीडित कुटुंबीयांनी कार्डिनलांसमवेत रोम येथे पोप फ्रान्सिस यांची भेट घेतली. याच सुमारास गॉल फेसवर धर्मगुरू व धर्मभगिनी आपल्या झग्यांसह तरुणांमध्ये वावरत होते. भाकरीसाठी लढणारे आणि न्यायासाठी रडणारे तेथे एकत्र आले होते. दोघांच्याही दुःखाचे मूळ कोणालाही उत्तर न देणाऱ्या सत्तेत होते.

मर्यादा कोठे ओलांडली गेली ?

९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांच्या निवासस्थानातून निघालेल्या त्यांच्या समर्थकांनी निःशस्त्र आंदोलकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. त्याच दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. परंतु हल्ल्याची बातमी पसरताच संतप्त जमावांनी सत्ताधाऱ्यांची अनेक घरे जाळली. नित्तम्बुवा येथे सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराचा बळी गेला. ९ जुलै रोजी लाखो लोक कोलंबोत आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरले. त्याच रात्री नवे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांचे खाजगी घर, त्यातील ग्रंथसंग्रहासह, भस्मसात झाले.

याच दिवशीची दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. प्रासादात तरुणांना सुमारे १ कोटी ७८ लाख रुपयांची रोकड सापडली. त्यांनी ती मोजली आणि पोलिसांच्या स्वाधीन केली. ज्या राजवटीवर जनतेचा पैसा लुटल्याचा आरोप होता, तिच्याच दालनात उपाशी तरुणांनी पैशाला हात लावला नाही. घर जाळणारा जमाव आणि नोटा मोजून परत करणारे तरुण एकाच उठावात, एकाच दिवशी होते. हे दोन मार्ग वेगळे ओळखणे, हेच ख्रिस्ती विवेकाचे काम आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

कायदेशीर अधिकाराचा मान राखावा, असे संत पौल रोमकरांस लिहितात. आणि मानवी आज्ञा देवाच्या आज्ञेच्या आड येईल तेव्हा देवाचीच मानावी लागेल, असे संत पेत्र धर्मसभेपुढे उभे राहून सांगतात. ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही वचनांना धरून आहे. कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या २२४२ व्या परिच्छेदानुसार, नैतिक व्यवस्थेच्या, मूलभूत मानवी हक्कांच्या किंवा शुभवर्तमानाच्या विरुद्ध असलेले सत्तेचे आदेश न पाळण्यास नागरिक सद्‌सद्‌विवेकाने बांधील आहे. पुढील परिच्छेदात सशस्त्र प्रतिकारासाठी मात्र अतिशय कडक अटी आहेत. मूलभूत हक्कांची निश्चित, गंभीर व दीर्घकाळ पायमल्ली झालेली असावी, अन्य सर्व उपाय संपलेले असावेत, त्यातून अधिक मोठा अनर्थ ओढवू नये, यशाची रास्त आशा असावी आणि याहून चांगला मार्ग दृष्टिपथात नसावा. या पाचही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. पोप सहावे पॉल यांनीही १९६७ सालच्या आपल्या परिपत्रकात हिंसक उठावांतून नवे अन्याय जन्माला येतात, असा इशारा दिला होता.

श्रीलंकेला हा इशारा पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाच्या झेंड्याखाली तेथील सिंहली तरुणांनी शस्त्रे हाती घेतली होती. दोन्ही उठाव सरकारने निर्दयपणे चिरडले. हजारो मुले मारली गेली, हजारो बेपत्ता झाली आणि बंडखोरांनीही अनेकांचे प्राण घेतले. सत्ता मात्र जागची हलली नाही. बंदुकीला जे साधले नाही, ते २०२२ मध्ये तंबू, वाचनालय आणि कांजीच्या वाडग्याने साध्य केले.

सत्तापालटानंतर

१३ जुलै रोजी गोटाबाया मालदीवला पळाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंगापूरहून राजीनामा पाठवला. परंतु नवा राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार संसदेकडे होता, आणि संसद जुनीच होती. २० जुलै रोजी तिने १३४ मतांनी रानिल विक्रमसिंघे यांना निवडले. त्यांनी शपथ घेतल्यानंतर काही तासांतच, २२ जुलैच्या पहाटेपूर्वी, सैन्याने गॉल फेसवर धडक मारून आंदोलकांना मारहाण केली व तंबू उखडले. महागाईचा दर सप्टेंबरमध्ये सत्तर टक्क्यांच्या घरात पोहोचला. अनेकांना वाटले, सगळे वाया गेले.

परंतु पेरलेले बी मातीत होते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर हल्ले रोखण्यात कसूर केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रिपाल सिरिसेना यांना पीडितांसाठी १० कोटी श्रीलंकन रुपये भरण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आर्थिक अरिष्टाची जबाबदारी राजपक्षे बंधू व अन्य अधिकाऱ्यांवर ठेवली. आणि २१ सप्टेंबर २०२४ रोजी जनतेने मतपेटीतून निर्णय दिला. २०१९ मध्ये अवघी तीन टक्के मते मिळवणारे अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीचे बळ ३ जागांवरून १५९ वर गेले. दिसानायके ज्या पक्षाचे नेते आहेत, तो जनता विमुक्ती पेरामुनाच होय. एकेकाळी शस्त्रांनी सत्ता घेऊ पाहणारा पक्ष मतदारांच्या हातून सत्तेवर आला. नवे सरकार कसोटीला उतरते की नाही, याचा निवाडाही आता मतदारच करतील.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, या घटनांतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, भ्रष्टाचार हे केवळ लाचखोराचे वैयक्तिक पाप नाही. तो रांगेतल्या वृद्धाचे प्राण घेतो, रुग्णाचे औषध हिरावतो आणि मुलाची परीक्षा बुडवतो. त्याविरुद्ध बोलणे म्हणजे ख्रिस्तसभेने राजकारणात पडणे नव्हे, तर शेजारप्रीतीची आज्ञा पाळणे होय.

दुसरी, साधन आणि साध्य एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. द्वेषाने उभारलेली लढाई जिंकली तरी द्वेषच मागे उरतो. आपल्या युवकांना रस्त्यावर जाऊ नका, एवढेच सांगून आपले कर्तव्य संपत नाही. कोणत्या बाजूने, कशासाठी आणि कोणत्या मार्गाने उभे राहावे, याचे शिक्षण त्यांना घरात आणि युवा-संघांत मिळाले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. प्रासादाचे दार एका दिवसात उघडले, परंतु बदल प्रत्यक्षात येण्यास दोन वर्षे लागली, आणि ईस्टरच्या पीडितांना पूर्ण सत्य अजूनही मिळालेले नाही. आंदोलन थांबल्यानंतर जो न्यायालयात चिकाटीने जातो, मतदानाच्या दिवशी रांगेत उभा राहतो, ग्रामसभेत हिशेब विचारतो आणि स्वतः लाच देत नाही, तोच त्या आंदोलनाला अर्थ देतो.

डचांच्या छळाच्या काळात संत जोसेफ वाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक गाव सोडून पळाले, ते मात्र मागे राहून जातधर्म न पाहता रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी तो देश सोडला नाही. त्यांच्या मध्यस्थीने श्रीलंकेतील पीडितांना न्याय मिळो, आणि आपल्या तरुणांना अन्यायाची चीड व ती चीड वाहून नेणारे धीराचे अंतःकरण, ही दोन्ही वरदाने लाभोत, हीच प्रार्थना.