पुड्यांची गिनती करणारे अ‍ॅप



आपल्यापैकी अनेकांनी घरातले जुने फोन आमच्या वर्गासाठी पाठवले, तेव्हापासून एक प्रश्न वारंवार येतो. चिचगडसारख्या जंगलपट्ट्यातल्या आठवी-नववीच्या मुलांना मोबाइलचे अ‍ॅप बनवायला शिकवून काय साधते? हे तर इंजिनीअरचे काम! माझ्याकडे पदविका आहे ती धर्मशास्त्राची, संगणकाची नव्हे. त्यामुळे मला जसे उमगले तसेच सांगतो.

आम्ही ‘एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर’ हे साधन वापरतो. गूगलने ते २०१० साली आणले. २०१२ पासून अमेरिकेतली एमआयटी ही संस्था ते चालवते. त्याला पैसे पडत नाहीत. त्यात प्रोग्राम टाइप करायचा नसतो. एका पडद्यावर बटणे, आकडा लिहायची चौकट, चित्रे मांडायची आणि दुसऱ्या पडद्यावर ‘हे बटण दाबले की असे कर’ अशा अर्थाचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. संगणकावर केलेला बदल शेजारच्या फोनवर लगेच दिसतो. बनवताना इंटरनेट लागते, पण साधे हिशेबाचे अ‍ॅप एकदा फोनमध्ये उतरले की रेंज नसली तरी चालते. आमच्याकडे जंगलात गेले की रेंज जाते, म्हणून ही सोय मोलाची.

असे काम आपल्याच राज्यात आधी झालेले आहे. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातल्या शाळकरी मुलींनी याच साधनावर अ‍ॅप बनवली. त्यातले एक पाण्याच्या रांगेसाठी होते: फोनवरून नंबर लावायचा, पाळी आली की फोन कळवतो. दुसरे, संकटात सापडलेल्या बाईला मदत मागता यावी यासाठी. ज्या मुलींच्या घरात पाण्याच्या रांगेत उभे राहणे रोजचे होते, त्यांनीच रांगेचे अ‍ॅप बनवले, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली.

आमच्याकडे ती रोजची गोष्ट म्हणजे तेंदूपत्ता. शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. उन्हाळ्यात पहाटे अख्खे घर जंगलात पाने तोडायला जाते, मग घरी बसून ७० पानांचा एक पुडा बांधते. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. तिथला दिवाणजी कार्डावर आकडा लिहितो. मजुरी शेकड्याच्या दराने मिळते. १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. म्हणजे ७०,००० पाने एकेक करून हाताने तोडलेली. कित्येक आयांना कार्डावरचा आकडा वाचता येत नाही. हंगामभराची कमाई त्या कार्डावर असते.

म्हणून मुलांचे पहिले काम ठरले: रोजचे पुडे लिहायचे, फोनने एकूण आणि मजुरी सांगायची. ऐकायला सोपे. पहिल्याच दिवशी १२० आणि १३५ पुड्यांची बेरीज फोनने १२०१३५ दाखवली! ठोकळ्यांत एक ‘जॉइन’ नावाचा ठोकळा असतो. तो अक्षरे शेजारी शेजारी चिकटवतो. आमच्याकडे बेरजेला ‘जोड’ म्हणतात, त्यामुळे एका मुलीने तोच घेतला. मी गप्प बसलो. अर्ध्या तासाने तिनेच अधिकच्या चिन्हाचा ठोकळा शोधला. शंभर वेळा फळ्यावर लिहून हा फरक तिच्या डोक्यात इतका बसला नसता.

पुढे अ‍ॅप बंद केले की आकडे पुसले जाऊ लागले. मग ‘टायनीडीबी’ शिकावे लागले. ती फोनच्या आतली छोटी वहीच समजा. शेकड्याचा दर मात्र मुलांनी पक्का बसवला नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. तो लिहायला वेगळी चौकट ठेवली. समजा दर ४०० रुपये आणि पुडे ३४५, तर १,३८० रुपये. हे त्रैराशिक पुस्तकातही आहेच, पण तिथे कुणाच्या आईची मजुरी नसते.

खरी परीक्षा घरी झाली. एक आई म्हणाली, आम्ही कोडीने मोजतो, वीस-वीस, तुझ्या मोबाइलला एकदम आकडा कुठून देऊ? मग ‘एक कोडी’ असे मोठे बटण आले. दाबले की वीस वाढतात. दुसऱ्या घरी आजीला गोंडीशिवाय काही येत नव्हते. फोनला मराठी वाचून दाखवता येते, गोंडी नाही. म्हणून नातवाने आजोबांच्या आवाजात गोंडीतले आकडे ध्वनिमुद्रित करून बटणांना जोडले. आजी बटण पुन्हा पुन्हा दाबून हसत होती.

हंगामात एका घरी फोन आणि कार्ड यांत दोन कोड्यांचा फरक निघाला. सगळ्यांना वाटले कार्ड चुकले. तपासले तेव्हा बटण दोनदा जास्तीचे दाबले गेल्याचे निघाले. मुलांनी लगेच ‘मागचे खोडा’ बटण आणि प्रत्येक नोंदीला तारीख जोडली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी फरक आला, तेव्हा तारीख पाहून नेमकी एका संध्याकाळची नोंद कार्डावर नसल्याचे कळले. मुलगी आईला घेऊन फळीवर गेली, दिवाणजींना तारीख दाखवली आणि त्यांनी शेजारच्या बायांना विचारून ११० पुडे लिहून दिले. फोनचा आकडा हा काही कायदेशीर पुरावा नव्हे, कार्डच खरे मानले जाते. पण ‘काहीतरी कमी वाटते’ असे म्हणणे वेगळे आणि ‘मंगळवारचे ११० नाहीत’ असे म्हणणे वेगळे.

सगळीच मुले यात रमतात असे नाही. दोघांनी पहिल्या आठवड्यातच सोडून दिले. त्यांना फोनवर क्रिकेट बघायचे होते. राहिलेली आता मोहफुलांच्या वजनाचे अ‍ॅप करत आहेत. ओल्या आणि वाळलेल्या फुलांचा भाव वेगळा असल्याने ते जास्त अवघड आहे, आणि तराजू कुणाचा धरायचा यावर त्यांचे अजून भांडण चालू आहे.

फोन पाठवणाऱ्यांसाठी एवढेच: अँड्रॉइडचा, चार्ज टिकणारा कुठलाही फोन चालतो. काचेला तडा असला तरी हरकत नाही. फक्त पाठवण्यापूर्वी आपले फोटो आणि खाती त्यातून पुसून टाका आणि पासवर्ड काढा. मागच्या खेपेला तीन फोन त्यामुळेच उघडता आले नाहीत.